पत्त्यांची येणारी आवृत्ति

एखाद्या पुस्तकाची नवी आवृत्ति निघणार असें कळलें म्हणजे त्याच्या वाचकांत दोन पक्ष पडतात, हा अनुभव माझ्यासारख्या सबंध आयुष्य पाठ्यपुस्तकांच्या सहवासांत घालविलेल्या माणसास नवा नाहीं. ज्यानें अजून पुस्तक घेतलेलें नसतें तो हरखतो. ज्याच्याजवळ जुनी प्रत असते तो खट्टू होतो, आणि जुनींत काय वाईट होतें असें विचारूं लागतो. परंतु पुस्तकाच्या बाबतींत हें भांडण फार दिवस टिकत नाहीं. जुनी प्रत कपाटांत राहते, तिच्या समासांतील टिपणें तिच्यापाशीं राहतात, आणि नवी आवृत्ति आली म्हणून जुनींतील अक्षरें कांहीं पुसलीं जात नाहींत. जेथें नवी आवृत्ति जुन्या प्रतीची किंमतच नव्हे तर अर्थही बदलूं शकते, असा एक प्रकार मात्र गेल्या तीस-बत्तीस वर्षांत जन्मास आला आहे. तो म्हणजे 'मॅजिक: द गॅदरिंग' हा अमेरिकन पत्त्यांचा खेळ. त्यास वाङ्मय म्हणावें कीं काय ह्याचा निकाल वाचकांनींच द्यावा.

साहित्याच्या मासिकांत पत्त्यांचा विषय पाहून कांहीं वाचक नाक मुरडतील. 'पत्ते कुटणें' ह्या आपल्या शब्दप्रयोगांतच त्या उद्योगाविषयींचा समाजाचा अभिप्राय सांठविलेला आहे, आणि लहानपणच्या सुटींतील झब्बू व मेंढीकोट ह्यांपलीकडे माझीही मजल गेलेली नव्हती. माझा एक सहाध्यायी १९९३ सालीं उच्च शिक्षणासाठीं अमेरिकेस गेला आणि तेथेंच स्थायिक झाला. गेल्या हिवाळ्यांत तो पुण्यास आला तेव्हां त्याच्याबरोबर त्याची कॉलेजांत शिकणारी मुलगी होती, आणि मुलीच्या सामानांत पुठ्ठ्याचा एक जुना बुटांचा खोका. खोक्यांत बापानें विद्यार्थिदशेंत जमविलेले पत्ते. बापलेकींत रोज संध्याकाळीं ह्या पत्त्यांवरून वाद चाले. तो ऐकतां ऐकतां माझ्या ध्यानांत आलें कीं, पाठ, प्रत आणि आवृत्ति ह्या ज्या विषयांवर मी तीस वर्षें वर्गांत बोलत आलों, त्यांविषयींच हीं दोघें बोलत आहेत. मग मीं खेळ शिकून घेतला. खेळतों वाईट, पण नियम मला आतां आपल्यापेक्षां अधिक येतात असें ती मुलगीच म्हणते.

नेहमींच्या कॅटांत बावन्न पत्ते. इस्पिक, बदाम, किलवर, चौकट सर्वांस सारखे, आणि ब्रिज असो कीं रमी असो, पिसून वाटल्यावर जें हातीं येईल त्यावर भागवावयाचें. रिचर्ड गारफील्ड ह्या गणितज्ञानें ही समताच मोडून टाकली. १९९३ सालीं त्यानें पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. पुढें वॉला वॉला येथील व्हिटमन कॉलेजांत तो गणित शिकवीत असे. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत त्याचा हा खेळ बाहेर पडला. प्रकाशक 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' ही पीटर ॲडकिसन ह्याची तेव्हां अगदीं लहानशी कंपनी होती. गारफील्डनें प्रथम त्याच्यापुढें दुसराच एक खेळ ठेविला होता. पण तो तयार करणें फार खर्चाचें, म्हणून ॲडकिसननें थोड्या वेळांत उरकणारा व बरोबर नेण्यास सोपा असा खेळ मागितला. त्यांतून हें निघालें. येथें प्रत्येक खेळाडू आपला कॅट आपणच रचतो. पत्ते बंद पाकिटांतून विकत मिळतात; आंत काय आहे तें फोडल्याशिवाय कळत नाहीं; कांहीं पत्ते विपुल छापलेले, कांहीं मोजके. नको तो द्यावा, हवा तो घ्यावा, आणि अशा अदलाबदलींतून कॅट उभा करून दुसऱ्यासमोर बसावें. दोघेही मांत्रिक. प्रत्येकाचे प्राण वीस. जमिनीचे पत्ते मांडून त्यांतून पांच रंगांची शक्ति काढावयाची, आणि ती खर्चून मंत्र टाकावयाचे, राक्षस उभे करावयाचे. ह्या शक्तीस ते 'मना' म्हणतात. मराठी कानांत त्यामुळें समर्थांचीच हांक घुमते. पण शब्द पॅसिफिक महासागरांतील बेटांवरचा आहे, आणि त्याचा आपल्या मनाशीं कांहीं संबंध नाहीं.

माझें कुतूहल जागें झालें तें पत्त्यांवरील मजकुरामुळें. वरच्या अर्ध्या भागांत चित्र, खालीं दोनचार ओळी. त्या ओळी कायद्याच्या भाषेसारख्या घट्ट विणलेल्या असतात. एक शब्द इकडचा तिकडे झाला कीं डाव फिरतो. खेळाचे सामान्य नियम पुस्तकांत आहेत; परंतु पत्त्यावरचें वचन त्या नियमांविरुद्ध असेल तर पत्त्याचें खरें. उत्सर्ग आणि अपवाद ह्यांचा जो न्याय आपल्या वैयाकरणांनीं व मीमांसकांनीं शतकानुशतकें घांसून लख्ख केला, तोच येथें अमेरिकेंतील शाळकरी पोरें बिनदिक्कत चालवितात. विशेष सामान्यास बाधतो हें त्यांना कोणी शिकवावें लागत नाहीं. अशा हजारों अपवादांचा मिळून जो ग्रंथ होतो, तो सबंध असा बहुधा कोणाजवळच नसतो. ज्याच्या त्याच्या हातीं त्याचीं सुटीं पानें. आवृत्तीचा प्रश्न येथें इतका तापतो तो ह्यामुळें.

पहिल्या आवृत्तीस पुढें 'आल्फा' हें नांव पडलें. तिच्यांत २९५ निरनिराळे पत्ते होते आणि एकंदर सुमारें २६ लाख पत्ते छापले गेले. घाईच्या कामाच्या खुणा तींत दिसतात. 'ऑर्किश ओरिफ्लेम' ह्या पत्त्यास चार मना लागावयाचे, तेथें दोनच छापले गेले. दोन पत्ते तर छापावयाचेच राहिले. त्यांतला एक 'व्होल्कॅनिक आयलंड'. ऑक्टोबरांत सुमारें ७३ लाख पत्त्यांची 'बीटा' आवृत्ति निघाली, तींत हे दोष निस्तरले. डिसेंबरांत 'अनलिमिटेड' आली, १९९४ सालीं 'रिव्हाइज्ड'. पहिल्या दोन आवृत्त्यांतील पत्त्यांची कड काळी होती. ह्या पुढच्या आवृत्त्यांस पांढरी कड दिली गेली, कीं पाहणारास हें पुनर्मुद्रण आहे असें दुरूनही कळावें. मूळ आवृत्त्यांच्या मालिकेंत ही प्रथा २००७ मधील दहाव्या आवृत्तीनें सोडली. मला तिचें फार कौतुक वाटतें. आपल्याकडील कित्येक 'सुधारून वाढविलेल्या' आवृत्त्यांना अशी पांढरी कड सक्तीची केली असती तर विद्यार्थ्यांचे बरेच पैसे वांचले असते.

त्या राहिलेल्या पत्त्याकडे वळतों, कारण बापलेकींचा वाद त्याच्यावरून होता. 'व्होल्कॅनिक आयलंड' हा दिसावयास गरीब पत्ता आहे. तो लढत नाहीं, कोणास मारीत नाहीं. साधी जमीन एकाच रंगाची शक्ति देते. ही बेटही आहे आणि डोंगरही आहे, म्हणून निळी अथवा तांबडी, जी हवी ती देते. एवढेंच. पण त्या दोन रंगांचा कॅट खेळणारास तो घरच्या विहिरीसारखा. एका कॅटांत एका नांवाचे चार पत्ते चालतात. माझ्या स्नेह्याजवळ 'रिव्हाइज्ड'मधला एक आहे, विद्यार्थी असतांना फोडलेल्या एका पाकिटांतून निघालेला. आज बाजारांत त्यास शेंकडों डॉलर पडतात. मुलीस आणखी तीन हवेत, आणि जुन्या पत्त्यांनीं खेळावयाच्या ज्या स्पर्धा आहेत त्यांत उतरावयाचें आहे. ती नव्या आवृत्तीची वाट पाहते. बापही नव्या आवृत्तीची वाट पाहतो. मात्र तींत हा पत्ता नसावा अशी त्याची इच्छा.

तो नसणारच. १९९५ सालीं चौथी आवृत्ति आणि 'क्रॉनिकल्स' हा संग्रह असें दोन्ही निघालें, आणि पूर्वींचे बरेच दुर्मिळ पत्ते त्यांत पांढऱ्या कडेनें पुन्हां छापले गेले. ज्यांनीं ते महाग घेतले होते त्यांनीं आरडाओरड केली. तेव्हां १९९६ मध्यें प्रकाशकानें एक राखीव यादी जाहीर केली आणि वचन दिलें कीं, तींतील पत्ते त्याच स्वरूपांत अथवा खेळांत त्यांच्याशीं तंतोतंत जुळणाऱ्या दुसऱ्या स्वरूपांत पुन्हां कधीं छापावयाचे नाहींत. २०१० मध्यें ह्या वचनांतील एक पळवाटही बुजविली गेली. 'व्होल्कॅनिक आयलंड' त्या यादींत आहे. म्हणजे पहिल्या आवृत्तींत तो खिळे जुळविणाराच्या चुकीनें नाहीं, आणि पुढच्या कोणत्याही आवृत्तींत प्रकाशकाच्या वचनामुळें नाहीं. (खिळे जुळविण्याचा काळ तेव्हां गेलेला होता हें मी जाणतों, जुन्या संवयीनें शब्द आला.)

हें वचन कोणास दिलें गेलें, हा माझ्या मतें सर्व प्रकरणांतील कळीचा प्रश्न आहे. तें खेळणारास दिलेलें नाहीं. सांठविणारास दिलेलें आहे. एखाद्या काव्यसंग्रहाच्या प्रकाशकानें पहिल्या आवृत्तीच्या ग्राहकांस असें लिहून द्यावें कीं, तुमच्या प्रतींची किंमत उतरूं नये म्हणून ह्यांतील अमुक कविता आम्ही जन्मांत पुन्हां छापणार नाहीं, तर आपण त्यास काय म्हणूं? ग्रंथसंग्राहक कदाचित् खूष होईल. कवि होणार नाहीं. आणि वाचक जन्मास येण्यापूर्वींच त्याचा हक्क विकला गेला असें म्हणावें लागेल. माझ्या स्नेह्याची मुलगी १९९६ सालीं जन्मलेलीही नव्हती.

स्नेह्याचें म्हणणें मात्र अगदींच टाकाऊ नाहीं. तो म्हणाला, "अरे, शब्द दिला तो दिला. तीस वर्षें लोकांनीं त्याच्या भरंवशावर व्यवहार केले. ज्या लहान दुकानांत पोरें शनिवारी खेळतात, त्यांत जुन्या पत्त्यांच्या खरेदीविक्रीवर पोट भरणारींही आहेत. उद्यां तूं शब्द फिरविलास तर परवां तुझ्या नव्या पत्त्यांवर कोण विश्वास ठेवील?" ह्यास मुलीचें उत्तर असें: "बाबा, तुम्ही हा पत्ता शेवटचा केव्हां खेळलात?" त्यावर तो गप्प बसला. पत्ता प्लॅस्टिकच्या दोन थरांत बंद होता.

ह्या वचनास बगल देण्याचे जे प्रयत्न झाले ते समीक्षकाच्या दृष्टीनें मोठे मनोरंजक आहेत. २००६ मध्यें 'स्टीम व्हेंट्स' नांवाचा पत्ता निघाला. तोही बेट आणि डोंगर दोन्ही आहे. पण मांडतांना दोन प्राण द्यावे लागतात, नाहींतर त्या पाळींत ती जमीन निरुपयोगी. मूळ वचनांत एक जाचक अट घातली कीं तो 'तंतोतंत जुळणारा' राहिला नाहीं! टीकाकारांनीं मूळ श्लोकास हात न लावतां त्याखालीं दुसरा रचून ठेवावा, तसला हा प्रकार. २०१६ च्या 'इटर्नल मास्टर्स' ह्या संग्रहांत जुन्या स्पर्धांस लागणारे कितीतरी महाग पत्ते पुन्हां छापले गेले, आणि तो निघण्यापूर्वीं खेळाडूंची उमेद वाढली होती. पण राखीव यादीच्या दारापाशीं तोही थांबला.

२०२२ मध्यें झालें तें मात्र मला क्षम्य वाटत नाहीं. खेळास तीस वर्षें होत आलीं म्हणून प्रकाशकानें त्या वर्षाच्या २८ नोव्हेंबरास एक उत्सवी आवृत्ति काढली. तींत 'बीटा'मधील पत्ते होते, राखीव यादींतले सुद्धां. 'व्होल्कॅनिक आयलंड' होता. पंधरा पत्त्यांचीं चार पाकिटें, किंमत ९९९ डॉलर, आणि आंत काय निघेल तें नशिबावर. वचनाचें काय? तर ह्या पत्त्यांची पाठ निराळी छापली आणि अधिकृत स्पर्धांत ते चालणार नाहींत असें ठरविलें. ते खेळाचे पत्तेच नव्हेत, म्हणून वचनभंगही नव्हे! वचनाचें अक्षर पाळून त्याचा प्राण घेण्याचें इतकें निर्मळ उदाहरण मला आमच्या कोर्टकचेऱ्यांतही आढळलेलें नाहीं. ज्यास खेळावयाचें त्याच्या हातीं खेळतां न येणारा पत्ता, ज्यास सांठवावयाचें त्याच्या मनांत कायमचा संशय. स्नेही आणि त्याची मुलगी ह्या एकाच गोष्टीविषयीं एकमत होतीं.

अर्थात् नवी आवृत्ति म्हणजे नेहमीं पैशाचाच मामला असतो असें नाहीं, आणि ह्या खेळाचा इतिहास त्या बाबतींत आमच्या पुष्कळ प्रकाशनसंस्थांपेक्षां उजळ आहे. १९९९ मधील सहावी आवृत्ति घ्या. तत्पूर्वीं एकानें मंत्र टाकला असतां दुसऱ्यानें मध्येंच टाकलेल्या मंत्राचें काय व्हावें ह्याविषयींचे नियम इतके गुंतागुंतीचे झाले होते कीं, चांगले खेळाडू सुद्धां अडखळत. सहाव्या आवृत्तीनें एकच न्याय लावला: मंत्र ताटांच्या थप्पीप्रमाणें एकावर एक रचले जातात, आणि शेवटीं ठेवलेलें ताट प्रथम उचलावयाचें. एका नियमानें शंभर वाद मिटले. ही खरी संपादकाची कामगिरी. येथें आवृत्ति ह्या शब्दाचें सार्थक झालें.

परंतु ह्याच अधिकाराची दुसरी बाजू विचार करावयास लावते. पत्त्यावर काय छापलें आहे हें आज निर्णायक नाहीं. प्रकाशक प्रत्येक पत्त्याचा अधिकृत पाठ स्वतंत्रपणें प्रसिद्ध करतो, वेळोवेळीं तो बदलतो, आणि वाद पडल्यास तोच ग्राह्य. पुण्याच्या भांडारकर संस्थेंत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम चाललें, तें शेंकडों हस्तलिखितें ताडून शक्य तितक्या जुन्या पाठाकडे जाण्यासाठीं. येथें प्रवाह नेमका उलटा. सर्वांत नवा पाठ तोच सर्वांत खरा, आणि तुमच्या हातांतील १९९४ चा कागद म्हणजे एक कालबाह्य साक्षीदार. कागदाची किंमत चढत जाते आणि त्यावरील शब्दांचा अधिकार उतरत जातो! असा देखावा मीं दुसऱ्या कोणत्याही वाङ्मयांत पाहिलेला नाहीं.

ह्या बदलांत एका नियमाचा बळी गेला त्याचें मला मनापासून दुःख आहे. पूर्वीं काढलेली शक्ति खर्च न होतां उरली, तर उरलेल्या प्रत्येक मनामागें खेळाडूचा एक प्राण जात असे. आपणच काढलेल्या शक्तीनें आपण भाजत असूं. २००९ मधील आवृत्तीबरोबर हा नियम रद्द झाला. कारण दिलें तें असें कीं, त्याचा प्रसंग क्वचितच येतो. भस्मासुराची कथा ऐकून वाढलेल्या मला वाटतें, तो प्रसंग क्वचित् येतो म्हणूनच नियमास अर्थ होता; सगळ्या खेळांत मांत्रिकास मांत्रिकपणाची जबाबदारी आठवून देणारी तेवढी एकच ओळ होती. मुलीनें तो नियम कधीं पाहिलेलाच नाहीं. मीं सांगितला तेव्हां ती म्हणाली, "हें तर छान होतें." बरें वाटलें.

वाट पाहण्याचें स्वरूपही आतां बदललें आहे. पहिल्या खेळाडूंजवळ संपूर्ण यादी नव्हती. जगांत आणखी कोणते पत्ते आहेत हें पुष्कळदां प्रतिस्पर्ध्यानें टाकल्यावरच कळे. स्नेही त्या दिवसांविषयीं बोलूं लागला कीं त्याचा आवाज बदलतो. आतां प्रकाशनापूर्वींचे कित्येक दिवस पत्ते क्रमाक्रमानें जाहीर होतात, आणि पाकीट फोडण्याच्या आधींच त्यांतील प्रत्येक ओळीवर वाद होऊन गेलेले असतात. ह्यामुळें विस्मय गेला हें खरें. पण वाचन वाढलें हेंही खरें आहे, आणि मी मास्तर असल्यामुळें मला तें कमी वाटत नाहीं. हातांत नसलेल्या पत्त्याचा अन्वय लावीत बसलेली ती मुलगी मीं पाहिली आहे. माझ्या वर्गांत हातांत असलेल्या पुस्तकाचा तसा अन्वय लावणारे किती निघतील?

२०२४ च्या नोव्हेंबरांत 'फाउंडेशन्स' ही नवशिक्यांसाठीं पायाभूत अशी आवृत्ति आली, आणि नव्या पत्त्यांच्या स्पर्धांत ती निदान २०२९ पर्यंत चालेल असें प्रकाशकानें तेव्हांच सांगून टाकलें. चांगला निर्णय होता. विकत घेणारास आपली प्रत किती वर्षें जिवंत राहील हें आधीं कळणें हा त्याचा हक्कच आहे. पण मुलगी जिची वाट पाहते ती ही नव्हे. तिला जुन्या पत्त्यांचा एखादा साधा पुनर्मुद्रित संग्रह हवा आहे: पांढऱ्या कडेचा, खेळतां येण्याजोगा. मलाही तोच हवासा वाटतो. काळी कड सांठविणारांस खुशाल राहूं द्यावी. 'बीटा'च्या प्रतीस 'बीटा'ची किंमत येतच राहील, जशी जुन्या शिळाप्रेसवरच्या पोथीस नव्या छापील प्रतीमुळें कांहीं उणेपणा आलेला नाहीं. असें झालें तर 'रिव्हाइज्ड'चे भाव उतरतील, आणि माझ्या स्नेह्याचें थोडें नुकसान होईल. तें त्यानें सोसावें असें मीं त्याच्या तोंडावर सांगितलें आहे. वचन मोडण्याचा दोष प्रकाशकास लागेल, तो मी नाकारीत नाहीं. परंतु पाठ निराळी छापून जो दोष त्यानें एकदां पत्करलाच आहे, त्याहून तो मोठा खचित नाहीं.

परत जाण्याच्या आदल्या रात्रीं बापलेक आमच्या दिवाणखान्यांत खेळत बसलीं. मुलीनें साध्या बेटाच्या तीन पत्त्यांवर कागदाचे तुकडे ठेवून त्यांवर पेन्सिलीनें 'व्होल्कॅनिक आयलंड' असें लिहिलें होतें. स्पर्धेंत हें चालत नाहीं, घरीं चालतें. चौथा तिनें बापाकडे मागितला. त्यानें बराच वेळ विचार केला, मग प्लॅस्टिकचा वरचा थर काढून पत्ता तिच्या हातीं दिला, आणि "पिसतांना जपून" एवढेंच म्हणाला.